राखणदाराची राखण : घरच्या कुत्र्या-मांजरांची बारा महिन्यांची काळजी



आज मी भातावर बोलणार नाही, वालावरही नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या ओटीवर, चुलीजवळ आणि खळ्यावर वावरणाऱ्या कुत्र्या-मांजरांबद्दल. तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला हे काय सुचलं? सांगतो.

आपल्या भिवंडी तालुक्यात कुठल्याही पाड्यावर जा, घरागणिक एखादं कुत्रं आणि एखादं मांजर असतंच. ते कुणी विकत आणलेलं नसतं. आलं, राहिलं, घरचं झालं. रात्री खळ्यावर भाताचे भारे पडलेले असताना राखण करतं ते कुत्रं, आणि कणगीतल्या भाताला उंदरांपासून वाचवतं ते मांजर. म्हैस आटली किंवा तिनं वैरण सोडली, तर आपण रात्री-अपरात्री डॉक्टरांचं दार ठोठावतो. कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, तर "खाल्लं असेल कुठंतरी" म्हणून सोडून देतो. फुकट आलेल्या जनावरावर पैसा कशाला घालायचा, असा आपला हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. तो माझ्याकडूनही एकदा चुकला होता, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

काही वर्षांपूर्वी कामवारी नदीच्या काठच्या एका गावात मी उंदीर नियंत्रणाचं प्रात्यक्षिक घेतलं. आश्विनाचे दिवस होते, भात निसवलं होतं आणि बांधाबांधाला उंदरांची बिळं दिसत होती. झिंक फॉस्फाइडचं आमिष कसं करायचं ते मी रीतसर दाखवलं. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड तेल लावून ठेवायची, उंदीर खायला सरावले की मग त्यात औषध मिसळायचं, हातानं कालवायचं नाही, काठीनं कालवायचं, सगळं सांगितलं. एक वाक्य सांगायचं मात्र राहिलं. मेलेले उंदीर दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा करून खोल पुरून टाका, हे ते वाक्य.

तिसऱ्या दिवशी एका काकांची कुत्री गेली. बांधावर पडलेला उंदीर तिनं खाल्ला होता. गाभण होती. काका माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, उंदीर मेले, पण आता खळ्यावर बसणार कोण?" त्या वर्षी झोडणी होईपर्यंत ते स्वतः, साठीच्या वयात, थंडीत खळ्यावर झोपले. त्यानंतर उंदरांच्या औषधावर बोलताना ते वाक्य मी सुरुवातीलाच सांगतो.

तर आधी तेच पुरं करू. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाला लागलं की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि त्याला उतारा म्हणून ठरलेलं औषध नाही. कुत्र्याला उलट्या होतात, पोट फुगतं, ते थरथरतं, तोंडाला लसणासारखा वास येतो. अशा वेळी दूध, तूप, तेल काहीही पाजू नका. त्यानं विष उतरत नाही, उलट अंगात लवकर भिनतं. तडक पशुवैद्याकडे न्या, आणि औषधाचं पाकीट बरोबर घ्या. हल्ली ब्रोमाडिओलोनच्या तयार वड्या मिळतात. त्यांचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून किंवा शेणावाटे रक्त जाऊ लागतं. याला मात्र 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे, वेळेवर नेलं तर जनावर वाचतं. म्हणूनच पाकीट जपून ठेवायचं, कोणतं विष पोटात गेलं ते डॉक्टरांना कळलं पाहिजे. आमिष उघड्या बांधावर ठेवू नका. कागदाच्या पुडीतून बिळात खोल सारा आणि बिळाचं तोंड चिखलानं लिंपून टाका. त्या दोन-तीन रात्री कुत्रं दाव्याला आणि मांजर घरात. सकाळी चहाच्या आधी बांधावर एक फेरी मारायची आणि मेलेला प्रत्येक उंदीर पुरायचा. जिथं घरात मांजर चांगली उंदीर मारते तिथं घरात विष ठेवूच नका, हे माझं स्वतःचं मत आहे.

आता मुख्य गोष्ट. ती कुत्र्याच्या जिवाची आहे आणि आपल्या पोरांच्याही जिवाची आहे. कुत्रं पिसाळतं म्हणजे त्याला रेबीज होतो. हा रोग विषाणूमुळे होतो, आणि तो विषाणू जनावराच्या लाळेत असतो. लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, जनावरही वाचत नाही. जगात रेबीजनं जितकी माणसं मरतात त्यांतली सुमारे एक तृतीयांश आपल्या देशात मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि हा रोग लसीनं शंभर टक्के टाळता येण्यासारखा आहे. लुई पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली आणि तो मुलगा जगला. तेव्हापासून आजवर लस सुधारतच गेली आहे. बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं, ज्यांच्या भीतीनं माणसं दवाखाना टाळायची, ती केव्हाच बंद झाली. आता दंडावर चार किंवा पाच सुया घ्याव्या लागतात, बस्स.

कुत्र्यालाही लस आहे, आणि ती वर्षातून एकदा द्यायची. कधी द्यायची, याचं मी आपल्या पंचांगाप्रमाणे एक गणित बसवलं आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा माजाचा महिना. त्या दिवसांत गावचे, शेजारच्या गावचे, गोदामांकडचे कुत्रे एकत्र येतात, भांडतात, एकमेकांना फाडतात. रेबीज पसरायला याहून सोयीचा काळ नाही. म्हणून त्याच्या आधी, म्हणजे आवणी उरकली की, नारळी पौर्णिमेच्या आत घरच्या मोठ्या कुत्र्याला सुई देऊन मोकळं व्हावं. आठवणीला सोपं जातं. पण ज्या कुत्र्याला आजवर कधीच लस दिली नाही, त्याच्यासाठी नारळी पौर्णिमेची वाट पाहू नका. ते काम याच आठवड्यात करा. मांजरीलाही हीच लस देतात. पिसाळलेल्या मांजरीचा ओरखडा आणि चावा कुत्र्याइतकाच घातक असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

भाद्रपदात माजावर आलेली कुत्री साधारण दोन महिन्यांनी, कार्तिकात विते. म्हणूनच दिवाळीच्या सुमारास घरोघर पिल्लं दिसतात. पोरं लगेच पिल्लू उचलून आणतात, डोळे उघडून आठवडाही झालेला नसतो. तसं करू नका. दोन महिने त्याला आईजवळ राहू द्या. आईचं दूध प्यायलेलं पिल्लू रोगाला तोंड देतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जंताचं औषध सुरू करायचं, डॉक्टर वजनावर मात्रा सांगतात. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला पार्व्हो नावाच्या रोगाची लस लागते. या रोगात पिल्लू ओकतं, रक्ताचं पातळ हगतं आणि दोन-तीन दिवसांत संपतं. "पिल्लाला नजर लागली" असं आपण म्हणतो ना, ती नजर पुष्कळदा पार्व्होची असते. तीन महिने पुरे झाले की रेबीजची पहिली सुई, म्हणजे माघ महिना आला. नंतर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टर दुसरी देतात, आणि पुढं दर वर्षाला एक.

लहान पिल्लू चावलं तर आपण हसतो. दात तरी कुठं आलेत म्हणतो. पण पिसाळलेल्या आईपासून किंवा दुसऱ्या कुत्र्यापासून पिल्लालाही रेबीज होतो. घरचं असो, बाहेरचं असो, पिल्लू असो, दात लागून कातडी फुटली की पुढचं सगळं तसंच करायचं.

काय करायचं ते नीट ऐका. जखम नळाखाली किंवा तांब्यानं पाण्याची धार धरून अंगाच्या नाहीतर कपड्याच्या साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, बरं का. साबणानं विषाणू मरतो. जखमेवर चुना, तिखट, हळद, तंबाखू, कॉफी काहीही भरू नका. तिखट भरलं की आग होते, माणसाला वाटतं विष जळतंय. जळत असते ती कातडी, आणि विषाणू आत ढकलला जातो. मग त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, किंवा भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जायचं. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, किंवा तोंडावर, मानेवर, बोटांवर असेल, तर लसीबरोबर जखमेतच आणखी एक औषध टोचावं लागतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते तिथं नसेल तर कुठं मिळेल हे डॉक्टरांना विचारा आणि तिथं जा. सगळ्या सुया तारखेप्रमाणे पुऱ्या करा. दोन घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. या रोगात बरं वाटण्याला काही अर्थ नाही, लक्षणं पुढं काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही येतात. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात हे खरं, पण तोवर सुया थांबवून बसायचं नाही. मंत्र, दोरा, पाड्यावरचं झाडपाल्याचं औषध यांवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते सुई घेतल्यावर करावं, आधी नको.

म्हशीवाल्यांसाठी यात एक वेगळी गोष्ट आहे. तबेल्यात पिसाळलेलं कुत्रं शिरलं आणि म्हशीला चावलं तर म्हशीलाही लशीच्या पाच सुया देतात, आणि त्या चावल्याबरोबरच सुरू कराव्या लागतात. कुठल्याही म्हशीनं अचानक चारा-पाणी सोडलं, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, आवाज घोगरा झाला, की आपण समजतो घशात काहीतरी अडकलं. मग बाही वर करून तोंडात हात घालतो. हा हात घालू नका. ते रेबीजचं लक्षण असू शकतं, आणि हाताला एवढीशी खरचट असली तरी लाळ तिथून शिरते. आधी पशुवैद्याला बोलवा. अशा जनावराचं दूध कुणालाही देऊ नका.

पावसाळ्याकडे वळतो. मृग लागला की कुत्र्या-मांजरांचे हाल सुरू होतात. ओल्या अंगानं कुत्रं पेंढ्यात झोपतं, कातडी कुजते, लूत लागते, केस जातात. लूत लागलेल्या कुत्र्यावर गाडीचं जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे पद्धत आहे. कुणी शेतात वापरायची पावडर चोळतो. कुत्रं अंग चाटतं आणि ते सगळं पोटात जातं. थिमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट तर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात विक्री-वापरासाठी बंदच आहे, कुणाच्या माळ्यावर जुना डबा राहिला असेल तर तो जनावरासाठी तर नाहीच, पिकासाठीही उघडू नका. आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. लुतीवर पशुवैद्याकडे सुई आणि गोळ्या आहेत, खर्च ऑइलपेक्षा थोडासाच जास्त येतो.

गोचीड हाही पावसाळ्याचा पाहुणा. कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली रोज पाहा आणि चिमट्यानं मुळाशी धरून सरळ ओढा. नखानं चिरडू नका. गोचीडतापानं कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. आणि कुत्र्याचं गोचीडाचं औषध मांजरीला कधीही लावू नका, त्यांतल्या काही औषधांनी मांजर मरते. तसंच आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी. अर्धी गोळीदेखील मांजरीचा जीव घेऊ शकते. दयेपोटी दिलेलं औषधसुद्धा मारतं, काय करणार!

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा भाताच्या चिखलातला रोग. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्याकडे याचं नाव घरोघर झालं. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतो, तिथून कुत्र्याला होतो, म्हशीला होतो, आणि पायाला चीर असलेल्या आवणीवाल्यालाही होतो. कुत्र्याचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर त्याला हाताळताना हातमोजे घाला नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालून बांधा. आवणीच्या दिवसांत घरात कुणाला जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं झालं तर आरोग्य केंद्रात जाताना "चिखलात काम करतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुत्र्यांच्या पाच-सात रोगांच्या एकत्रित लशीत लेप्टोचाही समावेश असतो, परवडत असेल तर ती द्या. नाहीच जमली तर रेबीजची मात्र चुकवू नका.

सापाचं थोडक्यात. घोणस, फुरसं, मण्यार, नाग हे चारही आपल्याकडे आहेत आणि राखण करणारं कुत्रं सगळ्यांच्या आधी त्यांच्या वाटेत येतं. तोंड किंवा पाय अचानक सुजला, तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, उचलून दवाखान्यात न्या. माणसाला जो प्रतिविषाचा डोस देतात तोच कुत्र्यालाही चालतो. कुत्र्याची झोपायची जागा फळीचं किंवा बांबूचं वीतभर उंच माचोळं करून त्यावर गोणपाट टाका, पेंढ्याच्या उडवीत नको.

उन्हाळ्यात साखळी कुठं बांधली आहे तेवढं पाहा. सकाळी सावलीत बांधलेलं कुत्रं दुपारी उन्हात असतं, सावली सरकते. गोदामांच्या राखणीला ठेवलेली कुत्री तर पत्र्याच्या शेडखाली भाजून निघतात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जिभेनंच अंग थंड करतं. एक मातीचं भांडं, रोज ताजं पाणी. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या, बर्फ लावू नका. महामार्गालगतच्या गावांत रात्री मोकळं सोडलेलं कुत्रं ट्रकखाली जातं हेही रोजचंच झालं आहे. ते रात्री कुंपणाच्या आत असावं, गळ्यात चमकणारी पट्टी असावी.

खाण्याचं फार अवघड नाही. भात, भाकरी, अंडं, शिजवलेली मासळी चालते, मसाल्याचं कालवण आणि कांदा नको, शिजवलेल्या कोंबडीची टोकदार हाडं नकोत. देवाच्या बोकडाची कच्ची आतडी-काळीज कुत्र्यापुढं टाकण्याची रीत मात्र सोडा. त्यातून कुत्र्याला पट्टकृमी होतो, आणि त्याची अंडी हातावाटे पोरांच्या पोटात गेली की यकृतात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी होतात.

पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडणं किंवा विष घालणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यानं प्रश्न सुटतही नाही. लस टोचलेली कुत्री गावात राहिली तर बाहेरचं पिसाळलेलं कुत्रं आत आलं तरी रोग पसरत नाही. ती हाकलली की मोकळी जागा कोण भरणार ते आपल्या हातात नसतं.

मी कृषी पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून मात्रा, सुया यांबद्दल अंतिम शब्द आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा बिनखर्चाचा दूरध्वनी क्रमांक आहे. गुंतागुंतीचं दुखणं असलं तर परळला १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं होतात. आपल्या गावात भरवायचं असेल तर ग्रामपंचायतीनं महिनाभर आधी दवाखान्याला पत्र द्यावं.

"आमचं कुत्रं आयुष्यात कधी दाव्याला बांधलेलं नाही, ते दवाखान्यात यायचं कसं?" असं एका आजींनी मला विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. आठ दिवस आधीपासून जेवणाच्या वेळी गळ्यात सैल दोरी घाला, जेवण झालं की काढा. त्याला सवय होते. नेताना ज्याच्या हातचं ते खातं त्यानंच न्यावं, चार माणसांनी घेरू नये. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. तोंडाला सुती कापडाची पट्टी जबड्याभोवती एक वेढा देऊन खालून कानामागं बांधली की ते चावत नाही आणि श्वासही कोंडत नाही. सुई झाली की लसीचं कार्ड मागून घ्या, त्यावर पुढची तारीख लिहून घ्या, आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.